डॅप्सोन: जी६पीडी टेस्टपासून डोस खाली येईपर्यंत

डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस या खाजऱ्या फोडांच्या त्वचारोगासाठी डॅप्सोन घ्यायला लागून आता दीड वर्ष होत आलं आणि गेल्या महिन्यात डोस दिवसाआड एक छोटी गोळी इतका खाली आला, म्हणून आता निवांत बसून सगळं सलग लिहून काढतेय. हे औषध लिहून मिळालं त्या रात्री मोबाईलवर जे काही वाचलं त्यात साइड इफेक्टची लांबच लांब यादी होती, पण त्यातलं कुठलं कधी होतं, कुठलं जवळजवळ सगळ्यांनाच थोडंफार होतं आणि कुठलं क्वचितच पण जिवावर बेतणारं असतं, हे कुणी वेगळं करून सांगितलेलंच नव्हतं. ते मला माझ्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी नंतर नीट समजावलं आणि तिथून माझी झोप परत आली. तेच इथे देतेय. डोस मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो, त्यामुळे माझे आकडे बघून कुणी स्वतःचा डोस ठरवू नका प्लीज.

आधी आजाराबद्दल. ऑगस्टमध्ये दोन्ही कोपरांवर बारीक पाणीदार फोड आले, मग गुडघ्यांवर, मग कमरेखाली आणि केसांच्या कडेला मानेवर. सगळं अगदी दोन्ही बाजूंना सारखं. खाज अशी की रात्री झोपेतून उठून बसायचे. आणि एक खास गोष्ट, फोड दिसायच्या आधी काही तास त्या जागी चुरचुर, जळजळ व्हायची, म्हणजे आता इथे येणार हे आधीच कळायचं. खाजवून खाजवून फोड शिल्लकच राहायचे नाहीत, डॉक्टरांकडे जाईपर्यंत नुसत्या खपल्या आणि ओरखडे. त्यामुळे आधी खरजेचं मलम झालं, मग एक्झिमा म्हणून स्टेरॉइड क्रीम, मग अॅलर्जीच्या गोळ्या. क्रीमने थोडं बरं वाटायचं, बंद केलं की परत. असं डिसेंबरपर्यंत चाललं.

डिसेंबरच्या शेवटी ज्या मॅडमकडे गेले त्यांनी कोपर, गुडघे, कंबर तिन्ही बघितलं, 'पोट कसं असतं?' असं विचारलं (मला पोटाचा काहीच त्रास नव्हता) आणि म्हणाल्या की बायोप्सी करू, पण दोन करू. हे दोन प्रकरण नीट समजून घ्या कारण इथेच बऱ्याच जणांचं निदान हुकतं. एक तुकडा फोडावरून घेतात, तो फॉर्मालिनमध्ये जातो, नेहमीच्या तपासणीला. दुसरा तुकडा फोडावरून घ्यायचा नसतो, फोडाच्या शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीतून घ्यायचा असतो आणि तो फॉर्मालिनमध्ये टाकून चालत नाही, वेगळ्या द्रावणात न्यावा लागतो, कारण त्यावर डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स नावाची, कातडीत साठलेल्या अँटिबॉडी शोधणारी टेस्ट होते. फोडाच्या जागेवरचं पुराव्याचं प्रोटीन सूजेत नष्ट झालेलं असू शकतं म्हणून शेजारची कातडी.

फॉर्मही दोन होते, दोन वेगळ्या विभागांचे, आणि दोन्हीवर नमुना नेमका कुठून घेतला, कधी घेतला, सध्या कुठली औषधं चालू आहेत हे सगळं परत परत भरायचं. संमतीपत्रावर सही, भूल दिल्याचं छोटं इंजेक्शन, एका टाक्याचं काम. दुखलं नाही फारसं, इंजेक्शनच काय ते टोचलं. टीप एवढीच की सकाळी लवकरची वेळ घ्या, म्हणजे दुसरा नमुना त्याच दिवशी लॅबकडे रवाना होतो, आणि बाटलीवर लावलेल्या लेबलवर तुमचं नाव आणि 'फोडाशेजारील' असं लिहिलंय का ते स्वतः बघून घ्या, कुणाला राग येत नाही विचारलं तर. साधा रिपोर्ट आधी आला, दुसऱ्याला जास्त वेळ लागला आणि तो थांबण्याचा काळ मला सगळ्यात जड गेला, कारण खाज चालूच होती आणि मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की निदान पक्कं झाल्याशिवाय मोठं औषध नाही.

जानेवारीत रिपोर्ट आला. त्यात लिहिलं होतं की कातडीच्या वरच्या थराच्या अगदी खाली आयजीए प्रकारच्या अँटिबॉडीचे दाणेदार साठे आहेत. म्हणजे डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. हर्पिसशी याचा काहीही संबंध नाही, फोड त्या प्रकारे पुंजक्याने येतात म्हणून तसं नाव, आणि संसर्गजन्य तर अजिबातच नाही. लुई ड्युरिंग या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १८८४ मध्ये याचं वर्णन केलं. हा खरं तर सिलिअॅक आजाराचा (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो) कातडीवरचा अवतार आहे, गहू, जव, राय नावाचं धान्य यातल्या ग्लुटेन या प्रोटीनमुळे शरीर चुकीच्या अँटिबॉडी तयार करतं, त्या कातडीत येऊन बसतात आणि तिथे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होऊन फोड उठवतात. पोटाचा त्रास नसला तरी आतड्याला बहुतेकांच्या बाबतीत थोडीफार इजा असतेच. माझ्याही रक्तात टीटीजी अँटिबॉडी (सिलिअॅकमध्ये वाढतात त्या) वाढलेल्या निघाल्या आणि एंडोस्कोपीत आतड्याचं अस्तर सपाट झालेलं दिसलं. इथे एक फार महत्त्वाचं, या तपासण्या व्हायच्या आधी ग्लुटेन सोडू नका. सोडलं की रक्तातले आकडे खाली यायला लागतात, आतडं भरून यायला लागतं आणि मग रिपोर्ट धड हो म्हणत नाही धड नाही.

उपचार दोन, मॅडम म्हणाल्या. मुळावरचा उपचार म्हणजे ग्लुटेन कायमचं बंद, पण त्याने कातडी शांत व्हायला महिने लागतात, कित्येकांना दोनेक वर्षं. तोपर्यंत डॅप्सोन.

नाव ऐकून घरी गेले आणि औषधाबरोबरच्या माहितीपत्रकात पहिली ओळ कुष्ठरोगाची. आई ते वाचून एकदम गप्प झाली. मी दुसऱ्याच दिवशी मॅडमना फोन केला आणि त्यांनी जराही न कंटाळता सांगितलं ते असं. डॅप्सोन पहिल्यांदा १९०८ मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झालं, पण तेव्हा त्याचा औषध म्हणून विचारच झाला नव्हता. १९३७ च्या सुमारास त्याचा जंतूंवर परिणाम होतो हे लक्षात आलं आणि १९४० च्या दशकात कुष्ठरोगावर हे आणि याच कुटुंबातली औषधं वापरायला लागले, त्याआधी त्या आजारावर खात्रीचं काहीच नव्हतं. पुढे एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन यांच्याबरोबर एकत्र देण्याची शिफारस केली, आजही ते त्याच मिश्रणात असतं. तर हे झालं जंतूंचं काम, जंतूंना फोलेट बनवू न देण्याचं. दुसरं काम अगदी वेगळं आहे, ते न्यूट्रोफिल पेशींना सूजेच्या जागी जायला अडवतं आणि त्या पेशी ज्या एन्झाइमने आजूबाजूची ऊती जाळतात त्या मायलोपेरॉक्सिडेजला थोपवतं. मला हवं होतं ते हे दुसरं काम. आईला हे सगळं परत सांगितलं, तिला पटायला वेळ लागला पण पटलं. माहितीपत्रक घरातल्यांना आधी तुम्ही समजावून सांगा, त्यांनी एकट्याने वाचण्याआधी, एवढं नक्की करा.

गोळी सुरू व्हायच्या आधीच्या तपासण्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला झाल्या. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रेटिक्युलोसाइट काउंट (कोवळ्या लाल पेशींची मोजणी), लिव्हर, किडनी आणि जी६पीडी. यातली शेवटची टेस्ट सोडून चालतच नाही. जी६पीडी हे लाल पेशींना ऑक्सिडेशनच्या माऱ्यापासून वाचवणारं एन्झाइम आहे आणि जगात अंदाजे ४० कोटी लोकांमध्ये ते जन्मजात कमी असतं, बहुतेकांना ते माहीतही नसतं कारण एरवी काही त्रास नसतो. त्यांना डॅप्सोन दिलं तर लाल पेशी भराभर फुटू शकतात. हे जीन एक्स क्रोमोसोमवर असल्यामुळे पुरुषांमध्ये जास्त दिसतं, पण बायकांनीही करायचीच. आणि ही टेस्ट गोळी सुरू करायच्या आधीच करायची, कारण पेशी फुटायला लागल्या की शरीर नवीन कोवळ्या पेशी सोडतं, त्यांच्यात हे एन्झाइम भरपूर असतं आणि मग रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊ शकतो. नुकतंच रक्त चढवलं असेल तरी तेच. माझा रिपोर्ट लगेच आला नाही, सगळ्या लॅब ही टेस्ट रोज लावत नाहीत, त्यामुळे बाकीच्या तपासण्यांच्या आधी हिचा नमुना द्या म्हणजे सगळं एकट्या तिच्यासाठी अडकून राहत नाही.

मॅडमनी बाकी विचारलं ते असं: हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार आहे का, आधीपासून रक्त कमी आहे का, सल्फाची अॅलर्जी कधी आली होती का (डॅप्सोन म्हणजे सल्फोन, सल्फा गटातलं नेमकं नाही, पण मागे मोठी रिअॅक्शन आली असेल तर जपून), गरोदर आहात का, अंगावर दूध पाजताय का. औषध दुधातून बाळाला जातं आणि बाळाला जी६पीडी कमी असेल तर त्याच्या पेशी फुटू शकतात म्हणून तो प्रश्न.

पैशाचं एक वाक्यात सांगते, गोळी स्वस्त, तपासण्या महाग. बजेट करताना गोळीकडे बघू नका, पहिल्या तीन महिन्यांच्या रक्ततपासण्या मोजा. आणि गोळी प्रत्येक दुकानात नसते, संपायच्या आठवडाभर आधी मागवून ठेवा.

फेब्रुवारीच्या मध्यावर रोज ५० मिलिग्रॅमने सुरुवात झाली. आता यावर कुणाचा विश्वास बसत नाही पण दुसऱ्या रात्री खाज निम्म्यावर आली आणि तिसऱ्या दिवशी नवीन फोड आलाच नाही. सहा महिने ज्याने जीव नकोसा केला होता ते असं थांबलं म्हणून मी सकाळी आरशासमोर उभी राहून कोपर परत परत बघत होते, जुन्या खपल्या होत्या पण त्यांच्या कडेला तो नेहमीचा लालसर ओला ठिपका नव्हता. मॅडम म्हणाल्या की या आजारात एक ते तीन दिवसांत असा फरक पडणं हे इतकं ठरलेलं आहे की ते निदानाचीही एक खूण मानतात. पण त्यांनी लगेच पुढे हेही सांगितलं की कातडीतले आयजीएचे साठे तसेच आहेत, आतडंही तसंच आहे, गोळी फक्त फोड अडवतेय. गोळी थांबवली की थोड्या दिवसांत सगळं परत येणार. त्यामुळे ग्लुटेन त्याच आठवड्यात बंद केलं.

त्यांनी मला एका कागदावर हाताने तक्ता करून दिला होता, तो अजून फाइलमध्ये पहिल्या पानावर आहे. त्यात डावीकडे आठवडे आणि उजवीकडे त्या आठवड्यांत कशाकडे बघायचं. पहिले चार आठवडे दर आठवड्याला सीबीसी, मग काही काळ पंधरवड्याला, मग महिन्याला, मग तीन महिन्यांनी. पहिल्या काही आठवड्यांत हिमोग्लोबिन उतरणार, हे साइड इफेक्टच्या यादीत असलं तरी जी६पीडी नॉर्मल असलेल्यांनाही थोडं होतंच, १ ते २ ग्रॅम उतरणं अपेक्षितच धरतात. लिव्हरमध्ये डॅप्सोनचं हायड्रॉक्सिलअमिन नावाचं रूप तयार होतं, ते लाल पेशींना लवकर म्हातारं करतं. माझं हिमोग्लोबिन १३.१ होतं, मार्चमध्ये १०० मिलिग्रॅमवर गेल्यावर ११.४ पर्यंत आलं. जिना चढताना धाप लागायची, दुपारी गळून जायचे. रेटिक्युलोसाइट वाढले होते म्हणजे हाडातली मज्जा भरपाई करत होती, आणि मग खरंच आकडा ११.९ वर येऊन स्थिरावला. तो एकटा आकडा बघून घाबरायचं नाही, मागचे आकडे शेजारी ठेवून बघायचं, म्हणून मी एक साधी एक्सेल शीट केली, तारीख, डोस, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट). दर वेळी तिची प्रिंट घेऊन जाते, मॅडमचा आणि माझा दोघींचाही वेळ वाचतो.

तक्त्यात तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यासमोर लाल पेनने लिहिलं होतं: ताप आला किंवा घसा दुखला तर त्याच दिवशी सीबीसी. कारण दोन गोष्टी आहेत, दोन्ही क्वचित होतात पण दोन्हीत उशीर परवडत नाही. एक म्हणजे पांढऱ्या पेशी एकदम कोसळणं, त्याला अॅग्रॅन्युलोसायटोसिस म्हणतात, मग साध्या जंतूशीही लढायला शरीरात काही उरत नाही. दुसरी म्हणजे डॅप्सोन हायपरसेन्सिटिव्हिटी सिंड्रोम, साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमाराला ताप, अंगभर पुरळ, मानेतल्या बगलेतल्या गाठी सुजणं, कावीळ. यात गोळी ताबडतोब बंद आणि हॉस्पिटल. २०१३ मध्ये चीनमधल्या कुष्ठरुग्णांवरच्या अभ्यासात कळलं की एचएलए-बी*१३:०१ हा जीन असलेल्यांना याचा धोका कितीतरी जास्त असतो, आशियातल्या काही लोकसमूहांत तो बऱ्यापैकी आढळतो. जिथे ही टेस्ट मिळते तिथे करून घेण्यासारखी आहे, आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

आणि मला पाचव्या आठवड्यात ताप आला. शनिवारी रात्री, १०१, घसा दुखत होता. एरवी मी पॅरासिटामॉल घेऊन झोपले असते. पण तो लाल पेनचा कागद डोळ्यांसमोर होता, बहीण घरी होती, ती म्हणाली 'ताई, उठ, आत्ता जायचं'. इमर्जन्सीत ड्युटीवरच्या डॉक्टरांना घशाशिवाय काही दिसत नव्हतं, मी फाइल उघडून तक्ता आणि औषधाचं नाव दाखवलं, ते वाचून त्यांनी लगेच सीबीसी डिफरन्शियलसकट (म्हणजे पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे मोजून) आणि लिव्हर पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंतचा एक दीड तास माझ्या हातापायातलं पाणी गेलं होतं, बहिणीने गाठी आहेत का म्हणून मान चाचपून बघितली, पोटावर पाठीवर पुरळ शोधलं. न्यूट्रोफिल व्यवस्थित, लिव्हर व्यवस्थित. साधा व्हायरल होता, चार दिवसांत गेला. तरीही मी सांगेन की रात्र असो सुट्टी असो, जाच. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून खेप वाया गेली असं अजिबात नाही, त्या काळात तोच नियम आहे.

एप्रिलमध्ये वेगळंच. बहीणच म्हणाली, 'ताई तुझे ओठ निळे दिसतायत.' मला तसं काही जाणवत नव्हतं, थोडं डोकं दुखत होतं इतकंच. घरच्या ऑक्सिमीटरवर ९१. दुसऱ्या बोटावर ९१. बहिणीच्या बोटावर ९८, म्हणजे यंत्र बरोबर. मॅडमना फोन केला, त्यांनी बोलावून आर्टेरियल ब्लड गॅस (धमनीतल्या रक्ताची तपासणी) करायला सांगितलं आणि कागदावर 'को-ऑक्सिमेट्री' असं मुद्दाम अधोरेखित करून दिलं, कारण नुसत्या गॅसमध्ये मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन न उचलणारं बिघडलेलं हिमोग्लोबिन, कळत नाही. मनगटातून रक्त घेताना सिरिंजमध्ये ते नेहमीपेक्षा गडद, तपकिरी झाक असलेलं दिसलं. मेथहिमोग्लोबिन १२ टक्के. नॉर्मल साधारण एक टक्का असतं.

हे काय असतं तर हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं ऑक्सिडेशन होतं आणि तशा हिमोग्लोबिनला ऑक्सिजन उचलता येत नाही. डॅप्सोनवर थोडं प्रमाण वाढतंच, बहुतेकांना ते जाणवतही नाही. बोटाचा ऑक्सिमीटर यात फसतो, तो नेमका आकडा दाखवत नाही, प्रमाण खूप वाढलं की ८५ च्या आसपासच अडकून राहतो, आणि ऑक्सिजन लावला तरी आकडा वर जात नाही, हीच ओळखायची खूण. १२ टक्क्यांवर डोस कमी करून भागतं. २०-३० टक्क्यांच्या वर गेलं, धाप, छातीत धडधड, गुंगी असेल तर मात्र ती इमर्जन्सी आहे आणि मेथिलीन ब्लू शिरेतून देतात. आणि बघा, ते औषधही जी६पीडी असल्याशिवाय काम करत नाही, उलट कमी असेल तर पेशी फोडतं. फेब्रुवारीतला तो एक रिपोर्ट किती ठिकाणी उपयोगी पडतो हे मला त्या दिवशी कळलं.

माझा डोस ५० वर आणला. आठवड्यात ओठ पूर्ववत, पण गुडघ्यांवर परत थोडे फोड. मग मॅडमनी ७५ केला आणि बरोबर सिमेटिडिन दिलं. ती अॅसिडिटीची जुनी गोळी, पण लिव्हरमध्ये तो त्रासदायक हायड्रॉक्सिलअमिन तयार होणं ती कमी करते. पुढच्या वेळी मेथहिमोग्लोबिन ५ च्या खाली आलं.

बाकी दोन गोष्टी इतर डॉक्टरांशी संबंधित आहेत म्हणून सांगते, कारण प्रत्येक डॉक्टरला डॅप्सोनची सवय नसते. जूनमध्ये मला लघवीचा संसर्ग झाला आणि को-ट्रायमॉक्सॅझोल हे अँटिबायोटिक लिहिलं जात होतं. मी डॅप्सोन चालू असल्याचं सांगितल्यावर ते बदलून दिलं. त्यातल्या ट्रायमेथोप्रिममुळे रक्तातली डॅप्सोनची पातळी वाढते. रिफाम्पिसिनमुळे उलट घटते. आणि माझी साखर काठावर असते, त्यामुळे मी दरवर्षी एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी टेस्ट) करते. आधीच्या वर्षी ६.१ होतं, डॅप्सोनवर असताना ४.८ आलं. लॅबमधल्या बाई म्हणाल्या अरे वा. पण उपाशीपोटीची साखर पूर्वीइतकीच होती. लाल पेशी १२० दिवस जगायच्या त्या लवकर जातायत, मग त्यांच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही, म्हणून आकडा खोटा कमी येतो. डायबिटीस असलेल्यांनी हे फार लक्षात ठेवा, खोट्या एचबीएवनसीवर विसंबून साखरेची औषधं कमी होता कामा नयेत. माझं आता फ्रुक्टोसअमिन (लाल पेशींवर अवलंबून नसलेली साखरेची टेस्ट) आणि घरच्या ग्लुकोमीटरवर चालतं.

हातापायातली ताकद हाही एक मुद्दा आहे. दीर्घकाळ मोठ्या डोसवर क्वचित नसांवर परिणाम होतो आणि तो बधिरपणापेक्षा अशक्तपणाने जास्त दिसतो, म्हणून दर वेळी मॅडम पंजा वर उचलायला आणि मूठ आवळायला लावतात. अर्ध्या मिनिटाचं काम.

ग्लुटेन बंद करण्याबद्दल वेगळं लिहायला लागेल इतकं ते मोठं आहे, इथे एवढंच की औषधाचा डोस खाली येणं पूर्णपणे त्याच्यावर अवलंबून असतं. पाकिटांवरचे घटक वाचायचे, औषधांच्या गोळ्यांतलं स्टार्च कशाचं आहे ते विचारायचं, घरात भांडी वेगळी. सप्टेंबरपर्यंत काही फरक वाटत नव्हता आणि मी खूप निराश झाले होते, कारण एवढं सगळं करून गोळी ७५ ची ७५. ऑक्टोबरमध्ये टीटीजी अर्ध्याहून खाली आलं आणि मॅडमनी ५० करून बघितलं. टिकलं. जानेवारीत २५. मे महिन्यात एकदा पेनकिलर घेतल्यावर कोपरावर फोड आले, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी हा आजार काहींना भडकतो, आयोडिन जास्त झालं तरी तसंच. डोस न वाढवता वाट बघितली आणि बसले ते. गेल्या महिन्यात २५ मिलिग्रॅमची गोळी दिवसाआड.

डोस उतरवताना मॅडमची पद्धत अशी की एका वेळी एकच पायरी आणि मग निदान दोन महिने काही हलवायचं नाही. या आजारात अधूनमधून एखादा फोड येणं चालतं, शून्य फोडांसाठी डोस वाढवत बसायचं नाही, कारण रक्तावरचा त्रास डोसप्रमाणे वाढतो. हे मनाला पटवायला मला वेळ लागला, इतके महिने खाजवल्यावर एक फोडही सहन होत नाही.

सध्या सीबीसी आणि लिव्हर तीन महिन्यांनी, टीटीजी सहा महिन्यांनी. हिमोग्लोबिन १२.८ आहे. सिमेटिडिन बंद झालंय. पर्समध्ये एक लहान कार्ड ठेवते, त्यावर औषधाचं नाव, डोस, जी६पीडी नॉर्मल, 'ऑक्सिमीटर कमी दाखवल्यास मेथहिमोग्लोबिन तपासा' आणि बहिणीचा नंबर. पुढची सीबीसी नोव्हेंबरमध्ये आहे, ती नीट आली तर गोळी आठवड्यातून दोनदाच घ्यायचं ठरलंय.